घरच्या भाजीबागेसाठी निंबोळीचा फवारा

परसातील भाजीबाग आकाराने लहान असली तरी किडींच्या दृष्टीने ती एक समृद्ध वसतिस्थान असते. वांगी, भेंडी, टोमॅटो, मिरची, कोबी, वाल आणि वेलभाज्या एकाच आवारात, वर्षाचे बहुतेक महिने, कोवळ्या पालवीसह उभ्या असतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटतो, भेंडीच्या पानांखाली तुडतुडे व पांढरी माशी राहतात, मिरचीची पाने फुलकिड्यांमुळे आकसतात, तर कोबीची पाने अळ्यांनी चाळणीसारखी होतात. या किडींचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न प्रत्येक बागवानापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

शेतात वापरली जाणारी संश्लेषित कीटकनाशके बाजारात सहज मिळतात, परंतु घरच्या बागेत त्यांचा वापर करणे अनेक दृष्टींनी अयोग्य ठरते. बागेतील भाजी सकाळी खुडली की दुपारी पानात येते. फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये जे दिवस जावे लागतात, ते पाळले जाणे येथे कठीण असते. बागेला लागूनच स्वयंपाकघर, पाण्याचा हौद आणि मुलांची खेळण्याची जागा असते. फवारणी करणाऱ्याला होणारा धोकाही लहान नाही. २०१७ साली महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथे प्रशिक्षित नजर, संरक्षक पोशाख आणि योग्य माप यांचा जो अभाव होता, तो घरच्या बागेत बहुधा त्याहूनही अधिक असतो. यास्तव घरी करता येणारे, अल्पकाळ टिकणारे आणि खाणाऱ्याला कमीत कमी अपाय करणारे फवारे कोणते, ते कसे करावेत आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. अशा फवाऱ्यांत निंबोळीच्या अर्काचे स्थान पहिले होय.

कडुनिंब आणि त्याचे गुण

कडुनिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिराक्टा इंडिका असे आहे. बंगालीत निम, गुजरातीत लीमडो, तमिळमध्ये वेम्बु, तेलुगूत वेप आणि कन्नडमध्ये बेवु या नावांनी ओळखला जाणारा हा वृक्ष भारताच्या कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांत सर्वत्र आढळतो. धान्याच्या कणग्यांत आणि कपड्यांच्या पेट्यांत त्याचा वाळलेला पाला घालण्याची प्रथा देशाच्या बहुतेक भागांत आहे. गुढीपाडवा आणि युगादी या सणांना त्याची कोवळी पाने किंवा फुले खाल्ली जातात. म्हणजे या वृक्षाचा कडूपणा कीटकांना सोसत नाही, ही गोष्ट लोकांना पूर्वापार ठाऊक होती. तो कडूपणा नेमके काय करतो, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला.

१९५९ साली सुदानमध्ये टोळांच्या धाडीने सर्व हिरवळ फस्त केली असता कडुनिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिल्याचे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या पाहण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळाने, १९६२ साली, नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा मगज वाटून पाण्यात कालवला व तो उभ्या पिकांवर फवारला. टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनी ती खाल्ली नाहीत. १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी निंबोळीतून या गुणाला कारणीभूत असलेले द्रव्य वेगळे केले. त्यास अझाडिराक्टिन असे नाव मिळाले. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की ती १९८५ च्या सुमारास निश्चित झाली आणि प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण पूर्ण होण्यास २००७ साल उजाडावे लागले. जे द्रव्य घडविण्यास रसायनशास्त्रज्ञांना इतकी वर्षे लागली, ते गावच्या वेशीवरील झाड दर उन्हाळ्यात जमिनीवर विखरून टाकते.

हे लोकज्ञान कोणाच्या मालकीचे, असाही प्रश्न पुढे निर्माण झाला. कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीनाशक म्हणून वापर करण्याच्या एका पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकेचा कृषी विभाग व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना पेटंट दिले. त्यास भारतातून व युरोपातून हरकत घेण्यात आली. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

अर्क कीटकांवर कसा कार्य करतो

निंबोळीचा फवारा मारला आणि दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच दिसल्या, की अनेकांचा त्यावरील विश्वास उडतो. ही निराशा अज्ञानातून येते. अझाडिराक्टिन हे झटक्याने मारणारे विष नव्हे. त्याचे कार्य तीन प्रकारे घडते. पहिले म्हणजे, अर्क लागलेले पान अनेक किडींना खाववत नाही. त्या थोडे कुरतडून थांबतात. दुसरे म्हणजे, अशा पानांवर अंडी घालण्याचे मादी बहुधा टाळते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोटात गेलेला अर्क किडीच्या शरीरातील संप्रेरकांच्या व्यवस्थेत बिघाड करतो. अळीला वाढताना ठराविक काळाने कात टाकावी लागते. हे कार्य ज्या संप्रेरकाच्या आज्ञेने होते, त्याचा स्राव योग्य वेळी होत नाही. परिणामी अळी जुन्या कातीत अडकून राहते, तिचा कोष विकृत होतो, किंवा त्यातून बाहेर येणारे फुलपाखरू अथवा पतंग पंगू निघतो. या सर्वांस काही दिवस लागतात. म्हणून फवाऱ्याचे यश मेलेल्या अळ्या मोजून ठरवू नये. नवीन पालवी खाल्ली जाते किंवा नाही, हे पाहून ठरवावे.

यावरून दोन गोष्टी ओघानेच येतात. एक अशी, की हा अर्क लहान अळ्यांवर अधिक परिणामकारक ठरतो. पूर्ण वाढलेल्या किडीला कात टाकावयाची नसल्याने तिच्यावर त्याचा परिणाम कमी होतो. दुसरी अशी, की जो कीटक पान खात नाही वा त्यातील रस शोषत नाही, त्याच्या पोटात अर्क फारसा जात नाही. ढालकिडा, कोळी, जाळीदार पंखांचा हिरवा क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मावा खाऊन जगतात, त्यामुळे त्यांची हानी तुलनेने अल्प होते. संश्लेषित कीटकनाशकांपैकी अनेकांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

निंबोळ्या गोळा करणे व साठविणे

फवाऱ्याची खरी तयारी पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. दक्षिणेत साधारणतः मे-जूनपासून आणि उत्तर भारतात जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत निंबोळ्या पिकून पिवळ्या होतात व गळू लागतात. झाडाखाली फडके अंथरून त्या रोजच्या रोज वेचाव्यात. ओल्या मातीत पडून राहिलेल्या निंबोळ्यांवर बुरशी चढते व त्यांतील गुण कमी होतो. वेचलेली फळे पाण्यात चोळून त्यांचा गोडसर गर काढून टाकावा, बिया स्वच्छ धुवाव्यात आणि सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळवाव्यात. काळ्या पडलेल्या किंवा बुरशीचा वास येणाऱ्या बिया निवडून फेकून द्याव्यात. वाळलेल्या बिया तागाच्या अथवा कापडी पिशवीत भरून टांगून ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत आर्द्रता कोंडून बुरशी वाढते.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार अर्कासाठी तीन महिन्यांपेक्षा कमी आणि आठ महिन्यांपेक्षा अधिक जुने बी घेऊ नये. म्हणजे जुलैत साठविलेले बी हिवाळी भाज्यांच्या हंगामात उत्तम कामास येते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मात्र ते बरेच निःसत्त्व झालेले असते.

ज्यांना बिया मिळत नाहीत ते पाल्याचा रस वापरतात. पानांतही कडू द्रव्ये असतात, परंतु अझाडिराक्टिनचे प्रमाण बियांत सर्वांत अधिक असते. पाल्याचा अर्क म्हणजे दुबळा पर्याय होय, हे ध्यानात ठेवावे.

पाच टक्के निंबोळी अर्क

शेतीत रूढ असलेल्या मापानुसार १०० लिटर फवाऱ्यास ५ किलोग्रॅम मगज लागतो. हेच प्रमाण घरच्या बागेसाठी लहान करून घ्यावे. पुढील साहित्य ५ लिटर फवाऱ्यासाठी आहे:

निंबोळीचा मगज – २५० ग्रॅम
साधा धुण्याचा वडीसाबण – १० ग्रॅम
पाणी – एकूण ५ लिटर

बियांचे कवच फोडून आतील तेलकट मगज काढावा व खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड कुटावा. फार बारीक वाटल्यास तेल सुटते व गाळणे कठीण जाते. कवच काढणे शक्य नसल्यास कवचासह बी कुटावे, परंतु वजनाचा सुमारे निम्मा भाग कवचाचा असल्यामुळे अशा वेळी ५०० ग्रॅम बी घ्यावे. ही भरड फडक्यात सैल बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात वारंवार दाबून पिळावी. पाणी दुधासारखे पांढरट होते. पुरचुंडीतून पांढरा रस निघेनासा झाला की द्रावण दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. साबण किसून थोड्या कोमट पाण्यात वेगळा विरघळवावा, तो निवल्यावर अर्कात मिसळावा आणि शेवटी पाणी घालून एकूण ५ लिटर करावे. उरलेला चोथा फेकू नये; तो वाफ्यातील मातीत मिसळल्यास खत म्हणून उपयोगी पडतो.

या कृतीत दोन गोष्टी कटाक्षाने पाळावयाच्या आहेत. अर्क उकळू नये. उष्णतेने त्यातील क्रियाशील द्रव्य नाश पावते. तसेच तयार झालेला अर्क त्याच दिवशी वापरावा. पाण्यात तो फार काळ टिकत नाही, म्हणून बाटल्या भरून ठेवण्यात अर्थ नाही.

साबण घालण्याचे प्रयोजन असे, की कोबी, अळू, कांदा यांच्या पानांवर मेणचट थर असतो व त्यावरून निव्वळ पाणी थेंबाथेंबाने ओघळून जाते. साबणामुळे द्रावण पानभर पसरते. साबणाचा स्वतंत्र उपयोगही आहे. मावा, पांढऱ्या माशीची पिले, लाल कोळी यांसारख्या मऊ अंगाच्या किडींच्या शरीरावरील संरक्षक आवरण साबणाच्या पाण्याने बिघडते व त्या मरतात. परंतु साबणाचा परिणाम केवळ ओला फवारा अंगावर पडला तरच होतो. वाळल्यावर होत नाही. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास साबण फुटून त्याचा साका होतो. अशा ठिकाणी पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. कपडे धुण्याची पूड मात्र घालू नये. तीतील तीव्र क्षारांनी कोवळी पाने भाजतात.

फवारणी केव्हा व कशी करावी

सूर्यप्रकाशात अझाडिराक्टिनचे विघटन वेगाने होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. त्यामुळे रात्रभर अर्क पानावर टिकतो, रात्री बाहेर पडणाऱ्या अळ्यांच्या पोटात जातो आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्याही त्यावेळी पोळ्यात परतलेल्या असतात. भोपळा, दोडका, काकडी यांची फळधारणा मधमाश्या व इतर कीटकांवरच अवलंबून असते. त्यांना दूर पळवून लावणारा बागवान स्वतःचेच उत्पन्न घटवितो. पावसाची चिन्हे असताना फवारू नये.

बहुतेक रसशोषक किडी पानाच्या खालच्या बाजूस राहतात. हाती असलेल्या फवारा-बाटलीचे तोंड वर करून पानांची खालची बाजू प्रथम भिजवावी, मग शेंडे व वरची बाजू. नवीन वनस्पतीवर प्रथमच फवारताना दोन-तीन पानांवर प्रयोग करून एक-दोन दिवस वाट पाहावी. पाने करपली नाहीत तरच पुढे जावे. अर्काचा प्रभाव काही दिवसांतच ओसरतो, म्हणून कीड असेतोवर दर सात ते दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. अल्पकाळ टिकणे हा या अर्काचा दोष वाटतो. परंतु भाजी निर्धोकपणे खाता येते ती याच कारणामुळे. तरीही फवारणीनंतर तीन-चार दिवस भाजी तोडू नये आणि तोडल्यावर ती स्वच्छ धुवावी, अन्यथा पालेभाजीला कडवट चव राहते.

निंबोळ्या न मिळाल्यास बाजारातील कडुनिंबाचे तेल एक लिटर पाण्यास ५ मिलिलिटर या प्रमाणात, साबणाच्या पाण्यात चांगले घुसळून वापरता येते. तेल पाण्यात सुटे राहिल्यास पानांवर डाग पडतात. कडक उन्हात आणि कोवळ्या रोपांवर ते वापरू नये. तयार औषधे विकत घेताना वेष्टनावर अझाडिराक्टिनचे प्रमाण पाहावे. दशलक्ष भागांत ३०० आणि १,५०० अशा भिन्न तीव्रतेची औषधे मिळतात; त्यांचे माप एकच असू शकत नाही.

लसूण व मिरचीचा फवारा

निंबोळीच्या जोडीने देशात अनेक ठिकाणी लसूण व हिरवी मिरची वाटून फवारा करतात. लसणाची पाकळी ठेचली असता तिच्यात उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. अखंड पाकळीत ते नसते. म्हणून लसूण ठेचणे आवश्यक आहे. मिरचीतील तिखट द्रव्य किडीच्या मऊ अंगाला झोंबते. ५० ग्रॅम लसूण व ५० ग्रॅम तिखट मिरच्या वाटून अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर ठेवाव्यात, दुहेरी फडक्यातून गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून एकूण ५ लिटर करावे. हा फवारा मुख्यतः किडींना दूर ठेवतो. निंबोळीप्रमाणे त्यांची वाढ रोखत नाही. वाटताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तोंड करून फवारू नये.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

वनस्पतिजन्य पदार्थ सुरक्षितच असतात, हा समज घातक आहे. तंबाखूचा काढा हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुन्या पुस्तकांतून त्याची शिफारस आढळते व तो किडी मारतोही. परंतु त्यातील निकोटिन हे माणसासाठीही तीव्र विष आहे. ते त्वचेतून शरीरात शिरते आणि मित्रकीटकांचाही संहार करते. शिवाय तंबाखूवरील केवडा रोगाचे विषाणू त्या काढ्यातून टोमॅटो व मिरचीच्या रोपांवर जाण्याचा संभव असतो. खाण्याच्या भाजीवर हा काढा वापरू नये. कडुनिंबाचे तेलही अपवाद नाही. ते तान्ह्या मुलांना औषध म्हणून पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तेलाची बाटली व उरलेला फवारा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा, बाटलीवर नाव लिहावे आणि स्वयंपाकाची भांडी या कामी घेऊ नयेत.

जेथे फवारा निरुपयोगी ठरतो

कोणताही फवारा सर्व किडींवर चालत नाही. वांग्यातील शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. मग तिच्यापर्यंत काहीही पोहोचत नाही. अशा वेळी माना टाकलेले शेंडे अळीसह खुडून जाळणे किंवा खोल पुरणे, हाच उपाय. काकडी, कारले, दोडका यांतील फळमाशीची अळी फळाच्या आतच वाढते. सडकी फळे रोज वेचून नष्ट करावीत आणि लहान फळांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील, तर तो पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणुजन्य रोग समजावा; रोगट रोप कोणत्याही फवाऱ्याने बरे होत नाही. ते उपटून टाकावे आणि पांढऱ्या माशीसाठी निरोगी रोपांवर निंबोळी अर्क फवारावा.

उलटपक्षी, पुष्कळदा फवाऱ्याची गरजच नसते. वालाच्या दोन शेंड्यांवर आलेला मावा बोटांनी पुसून टाकता येतो, किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढता येतो. माव्याच्या भोवती मुंग्यांची रांग दिसल्यास प्रथम मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्या माव्याचा गोड स्राव मिळविण्यासाठी त्याचे मित्रकीटकांपासून रक्षण करतात. नत्रयुक्त खत अति दिल्यास पाने लुसलुशीत होतात व मावा वाढतो. म्हणून खतही बेतानेच द्यावे. माव्याच्या वसाहतीत ढालकिड्याच्या काळपट, काटेरी अळ्या दिसत असतील, तर चार-पाच दिवस थांबून पाहणे शहाणपणाचे असते. एक ढालकिडा आपल्या आयुष्यात शेकडो मावे खातो. त्याचे काम चालू असताना मध्ये पडण्याचे बागवानाला कारण नाही.

म्हणून घरच्या बागेतील कीडनियंत्रणाचा क्रम असा असावा: रोज पानांची खालची बाजू पाहणे, हाताने वेचता येईल तेवढे वेचणे, पाण्याने धुऊन निघेल तेवढे धुणे, आणि एवढ्याने न भागल्यास, कीड लहान असतानाच, निंबोळीचा फवारा मारणे. या क्रमात फवाऱ्याचे स्थान शेवटचे आहे. रोज सकाळी पाच मिनिटे वाफ्यांतून फिरून पाने उलटून पाहणाऱ्या बागवानाला कीड थोडी असतानाच दिसते, आणि पुष्कळदा फवाऱ्याची बाटली त्याला काढावीच लागत नाही.